विद्याव्रती धर्मानंद कोसंबी

मारुतिरायाच्या बालपणीची एक कथा आपल्याकडे घराघरांतून सांगितली जाते. विद्याभ्यासाची वेळ आली तेव्हा त्याने गुरू म्हणून सूर्यनारायणास वरले. परंतु सूर्य हा एका ठिकाणी बसून पाठ देणारा गुरू नव्हे. त्याचा रथ क्षणभरही थांबत नाही. तेव्हा शिष्यानेच गुरूकडे मुख करून उदयाचलापासून अस्ताचलापर्यंत त्याच्याबरोबर चालत राहावयाचे आणि चालता चालताच व्याकरणशास्त्र आत्मसात करावयाचे, असे ठरले. पुढे ऋष्यमूक पर्वताच्या परिसरात प्रथम भेट झाली, तेव्हा एवढे दीर्घ भाषण करूनही याच्या मुखातून एकही अपशब्द आला नाही, ही गोष्ट श्रीरामचंद्रांनी लक्ष्मणाच्या ध्यानात आणून दिली, असे वाल्मीकींनी वर्णिले आहे. आपल्या जामसांवलीस पिंपळाच्या छायेत पहुडलेल्या मारुतिरायाच्या दर्शनास दूरदूरहून भाविक येतात. त्याच्या बळाचे स्मरण सर्वांसच होते. त्याने चालत चालत मिळविलेल्या विद्येचे स्मरण मात्र क्वचितच कोणास होते. म्हणून या अंकी अशाच एका चालत्या विद्यार्थ्याचे चरित्र वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे. तो विद्यार्थी पुराणातील नव्हे. तो आपल्या मराठी भाषेचा, गोमंतकाच्या मातीतला, आणि त्याने देह ठेवला तो आपल्यापासून फार दूर नसलेल्या सेवाग्रामी.

धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील सांखवाळ या गावी एका सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. त्या काळी गोव्यावर पोर्तुगीजांचा अंमल होता. सरकारदरबारची भाषा पोर्तुगीज. मराठी शिकावयाचे तर गावात एखादे पंतोजी येतील तेव्हा आणि राहतील तितके दिवस शिकावयाचे, अशी स्थिती. धर्मानंदांचे शालेय शिक्षण या रीतीने तुटक तुटक झाले आणि मराठी चारपाच इयत्तांच्या आसपासच ते संपले. पुढे कोणत्याही परीक्षेस ते बसले नाहीत. कोणत्याही विद्यापीठाची पदवी त्यांस जन्मात मिळाली नाही. घरची नारळीची बागायत होती, तिची देखरेख त्यांजकडे आली. घराची आर्थिक स्थिती ओढगस्तीची होती. वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास, त्या काळच्या रीतीप्रमाणे, बाळाबाईंशी त्यांचा विवाह झाला. येथवरचे चरित्र कोकणातील त्या वेळच्या हजारो तरुणांच्या चरित्राहून निराळे नाही.

निराळेपणास आरंभ झाला तो वाचनापासून. मराठी अक्षरओळख एवढेच भांडवल जवळ होते, परंतु तेवढे त्यांनी कधी पडून राहू दिले नाही. तुकोबांच्या गाथेने त्यांच्या मनाची पकड घेतली. हाती येईल ते मराठी पुस्तक ते वाचीत. अशात १८९७ च्या सुमारास विनायक कोंडदेव ओक यांच्या ‘बालबोध’ मासिकाचा एक जुना अंक त्यांच्या हाती पडला. ‘बालबोध’ हे मुलांसाठी निघणारे लहानसे मासिक होते आणि त्या अंकात भगवान बुद्धांचे संक्षिप्त चरित्र आले होते. ते चार पानी चरित्र असंख्य मुलांनी वाचले असेल आणि दुसऱ्या दिवशी विसरूनही गेली असतील. वीस वर्षांच्या या तरुणाच्या मनात मात्र ते खोल रुतले. पुढे कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी लिहिलेले गौतम बुद्धांचे विस्तृत मराठी चरित्र १८९८ मध्ये प्रसिद्ध झाले. तेही त्यांनी मिळवून वाचले, आणि मग बुद्धाचे वचन मुळातून जाणून घेतल्यावाचून राहावयाचे नाही, असा त्यांच्या मनाचा निर्धार झाला.

मुळातून जाणणे याचा अर्थ काय, ते येथे सांगितले पाहिजे. बुद्धाचे उपदेश पाली भाषेत आहेत. ज्या देशात बुद्ध जन्मले, हिंडले आणि निर्वाण पावले, त्या देशात ती भाषा शिकविणारा मनुष्य त्या काळी सापडणे दुर्मीळ झाले होते. तिचे ग्रंथ सिंहलद्वीपात सिंहली लिपीत, ब्रह्मदेशात ब्रह्मी लिपीत आणि सयामात सयामी लिपीत लिहिले जात. देवनागरीत ते जवळजवळ नव्हतेच. इकडे या तरुणास संस्कृत येत नव्हते, इंग्रजी येत नव्हते, आणि गाठीस पैसा नव्हता. सांखवाळच्या बागेत बसून अशी आकांक्षा धरणे म्हणजे वेडेपणा, असे कोणी म्हटले असते तर त्यास दोष देता आला नसता.

वडिलांच्या निधनानंतर, १८९९ च्या अखेरीस, त्यांनी घर सोडले. या वेळी त्यांचे वय तेवीस वर्षांचे होते. मागे पत्नी आणि तान्ही कन्या होती. ही गोष्ट चरित्रकाराने झाकून ठेवू नये असे मला वाटते. पुढे तिचा विचार करावयाचा आहेच. आधी त्यांच्या मार्गाने जाऊ.

पहिला मुक्काम पुण्यास झाला. तेथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची त्यांनी भेट घेतली आणि संस्कृताचा श्रीगणेशा केला. आपल्याकडे आठव्या वर्षी मुंज होऊन जे रूपावली पाठ करू लागतात, त्यांचे धडे या गृहस्थाने तेविसाव्या वर्षी गिरविण्यास आरंभ केला. पुण्याहून उज्जैन, इंदूर, ग्वाल्हेर करीत १९०० साली ते काशीस पोहोचले. काशीत अन्नछत्री जेवावयाचे आणि शास्त्री मंडळींच्या पायांशी बसून व्याकरण व काव्य शिकावयाचे, असा त्यांचा क्रम होता. थंडीच्या दिवसांत अंगावर पुरेसे पांघरूण नाही, जेवण एकवेळचे, गावात प्लेगची धास्ती, अशा स्थितीत सुमारे दीड वर्ष त्यांनी काढले. अभ्यास त्यांनी सोडला नाही. काशीत शिकलेले हे संस्कृत पुढे पालीच्या अभ्यासात त्यांस पावलोपावली उपयोगी पडले.

१९०२ च्या आरंभी ते नेपाळास गेले. बुद्धाची जन्मभूमी त्या बाजूस, तेव्हा बुद्धाचा धर्मही तेथे नांदत असेल, अशी त्यांची कल्पना होती. काठमांडूस जाऊन पाहतात तो निराशा पदरी आली. ज्या ज्ञानासाठी ते आले होते ते तेथे त्यांस आढळले नाही. एवढा प्रवास व्यर्थ गेला असे समजून दुसरा कोणी घरी परतला असता. ते तेथून बुद्धगयेस आले. तेथे भेटलेल्या एका भिक्षूने, पाली शिकावयाची असेल तर सिंहलद्वीपास जावे लागेल, असे सांगितले. लगेच त्यांनी कलकत्त्याची वाट धरली, तेथील महाबोधी सभेचे साहाय्य मिळविले, आणि त्याच वर्षी ते कोलंबोस जाऊन दाखल झाले.

मारुतिरायाने लंका गाठली ती एका उड्डाणात. कोसंबींस ती गाठण्यास घर सोडल्यापासून दोन वर्षांहून अधिक काळ लागला. कोलंबोस विद्योदय नावाचे प्रसिद्ध विद्यालय होते. ते १८७३ मध्ये सुमंगल महास्थविर यांनी स्थापिले होते. या वृद्ध आचार्यांपाशी कोसंबींनी श्रामणेर दीक्षा घेतली आणि पालीच्या अध्ययनास आरंभ केला. तेथे भाषा परकी, लिपी परकी आणि अन्नही परके. शाकाहाराचा नेम सांभाळताना त्यांचे फार हाल झाले, प्रकृतीही ढासळली. तथापि सिंहली लिपी त्यांनी थोड्याच काळात हस्तगत केली. संस्कृताचा पाया पक्का असल्याने पाली व्याकरण त्यांस सुलभ झाले आणि जे ग्रंथ डोळ्यांनी पाहावयास मिळावे म्हणून घर सोडले होते, ते आता ते स्वतः वाचू लागले.

पुढील तीनचार वर्षांत त्यांनी मद्रास, ब्रह्मदेश आणि उत्तर हिंदुस्थानातील बौद्ध क्षेत्रे असा विस्तृत संचार केला. ब्रह्मदेशात राहून ब्रह्मी लिपीतील ग्रंथ वाचले आणि ध्यानमार्गाचाही अभ्यास केला. भिक्षूचे व्रत असल्यामुळे जवळ पैसा ठेवावयाचा नाही. कोणी देईल ती भिक्षा घ्यावयाची आणि पुष्कळ ठिकाणी पायीच जावयाचे, असा तो प्रवास होता. पुस्तके ओझे होतील म्हणून पुष्कळसे पाठांतरातच साठवावयाचे. आपल्या वेदपाठी घराण्यांस ही पद्धती अपरिचित नाही.

१९०६ साली ते कलकत्त्यास आले. वंगभंगाच्या चळवळीचे ते दिवस होते आणि राष्ट्रीय शिक्षणाची लाट उसळली होती. तेथे नव्याने निघालेल्या नॅशनल कॉलेजात पाली शिकविण्याचे काम त्यांजकडे आले, आणि पुढे सर आशुतोष मुखर्जी यांच्या कारकिर्दीत कलकत्ता विद्यापीठानेही त्यांस पालीचे अध्यापक नेमले. घर सोडून पुरती सात वर्षेही झाली नव्हती. मराठी चारपाच इयत्ता शिकलेला मनुष्य विद्यापीठात पदवीच्या विद्यार्थ्यांस शिकवू लागला. याच सुमारास त्यांनी भिक्षुवेष उतरविला, गोव्यास जाऊन कुटुंबाची भेट घेतली आणि पुनः गृहस्थाश्रम पत्करला. १९०७ मध्ये त्यांस पुत्र झाला. तोच पुढे गणितज्ञ व इतिहाससंशोधक म्हणून जगास ठाऊक झालेला दामोदर धर्मानंद कोसंबी होय.

येथून पुढे त्यांची आणखी एक कसोटी झाली. कलकत्त्यास मान होता, वेतन चांगले होते आणि ते वाढण्याचा संभव होता. परंतु आपण मराठी वाचून जागे झालो, तेव्हा आपल्या ज्ञानाचा लाभ प्रथम महाराष्ट्रास झाला पाहिजे, अशी त्यांस तळमळ लागली. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा ५० रुपये तीन वर्षे देऊ केले. अट एवढीच होती, की महाराष्ट्रात कोठेही राहावे आणि वर्षास एक ग्रंथ लिहून द्यावा. कलकत्त्यास राहते तर याच्या कित्येक पटींनी अधिक प्राप्ती झाली असती. त्यांनी ५० रुपये स्वीकारले. बडोद्यास त्यांनी दिलेल्या व्याख्यानांतून ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे पुस्तक १९१० मध्ये सिद्ध झाले.

याच काळात अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स वुड्स हिंदुस्थानात आले होते. त्यांस पाली शिकावयाची होती. शोध करता करता त्यांची गाठ कोसंबींशी पडली आणि हार्वर्डचा प्राध्यापक सांखवाळच्या या विद्यार्थ्याचा विद्यार्थी झाला. त्या परिचयातून १९१० साली हार्वर्डचे आमंत्रण आले. तेथे हेन्री क्लार्क वॉरन नावाचे एक विद्वान बुद्धघोषाचार्यांच्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाचे संपादन करीत असता १८९९ मध्ये निवर्तले होते; ते कार्य अपुरे पडून होते. ज्या वर्षी तिकडे वॉरन गेले त्याच वर्षी इकडे कोसंबींनी घर सोडले होते, हा योगायोग ध्यानात घेण्यासारखा आहे.

‘विसुद्धिमग्ग’ म्हणजे विशुद्धीचा मार्ग. इसवी सनाच्या पाचव्या शतकात सिंहलद्वीपात रचिलेला हा ग्रंथ शील, समाधी आणि प्रज्ञा या तीन पायऱ्यांनी बौद्ध साधनमार्गाचे विवरण करतो. त्याचे २३ परिच्छेद आहेत. अशा ग्रंथाचे संपादन म्हणजे निरनिराळ्या लिपींतील हस्तलिखिते ताडून पाहणे, लेखकांच्या हातून झालेले प्रमाद शोधणे आणि प्रत्येक अवतरणाचे मूळ स्थळ त्रिपिटकात हुडकून काढणे. घरी बसून सूचीवरून होणारे हे काम नव्हे. ज्याच्या मुखी ग्रंथ वसले आहेत त्यासच ते साधते. भिक्षा मागत हिंडताना केलेले पाठांतर येथे फळास आले. तथापि श्रेय कोणास किती द्यावे यावरून तेथील मुख्य संपादक प्रा. लॅनमन यांच्याशी मतभेद झाले आणि १९१२ साली काम अर्धवट टाकून कोसंबी स्वदेशी परतले. पदवी नसली तरी आपल्या विद्येचा अपमान त्यांस सहन होण्याजोगा नव्हता. पुढे १९१८ ते १९२२, पुनः १९२६-२७ आणि १९३१-३२ असे ते हार्वर्डला जाऊन राहिले आणि ग्रंथाचे काम तडीस नेले. त्या ग्रंथाची देवनागरी आवृत्ती त्यांनी मुंबईस भारतीय विद्या भवनातर्फे १९४० मध्ये प्रसिद्ध केली. हार्वर्डची रोमन लिपीतील आवृत्ती निघाली ती १९५० मध्ये, म्हणजे त्यांच्या पश्चात. एका ग्रंथाचा त्यांनी आयुष्याची कित्येक वर्षे पाठपुरावा केला.

मधल्या काळात, १९१२ ते १९१८ पर्यंत, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात ते पालीचे प्राध्यापक होते. मुंबई विद्यापीठात पालीस स्थान मिळावे म्हणून भांडारकरांसारख्यांचा आधार लाभला होता. परंतु विषय शिकवील असा मनुष्य हवा होता, तो कोसंबींच्या रूपाने मिळाला. पु. वि. बापट, चिं. वै. राजवाडे, ना. के. भागवत हे पालीचे नामांकित पंडित त्यांच्याच हाताखाली तयार झाले. बुद्धांची भाषा महाराष्ट्रात पुनः बोलती करणाऱ्या या परंपरेचे मूळ असे ‘बालबोध’च्या एका जुन्या अंकात आहे.

१९२२ ते १९२५ या वर्षांत महात्मा गांधींनी अहमदाबादेस स्थापिलेल्या गुजरात विद्यापीठात त्यांनी अध्यापन व ग्रंथलेखन केले. १९२९ मध्ये ते रशियात लेनिनग्राडला गेले. तेथे बौद्ध विद्येच्या संस्थेत काम करता करता वयाच्या पन्नाशीनंतर त्यांनी रशियन भाषेचा अभ्यास आरंभिला. परत आले तो मिठाचा सत्याग्रह सुरू झाला होता. १९३० मध्ये कोकणातील शिरोड्याच्या सत्याग्रहात त्यांनी भाग घेतला व कारावासही भोगला. १९३७ च्या सुमारास मुंबईस परळच्या कामगार वस्तीत ‘बहुजन विहार’ नावाची वास्तू उभी राहिली. हार्वर्डला शिकविलेला मनुष्य तेथे राहून गिरणी कामगारांसाठी काम करू लागला.

त्यांची ग्रंथरचना विपुल आहे. ‘बुद्धलीलासारसंग्रह’, ‘समाधिमार्ग’, ‘बौद्धसंघाचा परिचय’, ‘भगवान बुद्ध’ आणि ‘बोधिसत्त्व’ नाटक ही मराठीत. ‘अभिधम्मत्थसंगहा’वरील टीका आणि ‘विसुद्धिमग्गा’वरील दीपिका ही पालीत. आपली जीवनकथा त्यांनी ‘निवेदन’ या नावाने १९२४ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांच्या मराठीत एक विशेष आढळतो. पांडित्याचा भार वाचकावर घालावयाचा नाही, ही दक्षता त्यांनी सदैव घेतली. ज्यास स्वतः अडखळत शिकावे लागले, त्यास वाचक कोठे अडखळेल याची जाण असते. त्यांची सर्वच मते आपल्या पठडीतील भाविकांस रुचतील असे नाही. प्राचीन परंपरेवर त्यांनी काही ठिकाणी कठोर टीका केली आहे. परंतु जे मत त्यांनी मांडले ते मूळ ग्रंथ स्वतः वाचून मांडले. ऐकीव गोष्टींवरून त्यांनी कोणाची निंदा केली नाही व कोणाची स्तुतीही केली नाही. मतभेद असणाऱ्यानेही त्यांच्याकडून एवढे घ्यावे.

आता मघाशी बाजूस ठेवलेल्या प्रश्नाकडे वळू. विद्येसाठी पत्नी व कन्येस मागे ठेवून निघून जाणे योग्य होते काय? माझ्या अल्पमतीने उत्तर असे आहे, की त्यांच्या विद्येचे मोल ज्यांनी चुकविले त्यांत बाळाबाईंचा वाटा मोठा आहे आणि तो आपण मानला पाहिजे. जवळजवळ सात वर्षे त्या माउलीने पतीची वाट पाहिली. तिने तान्ह्या मुलीस वाढविले, आप्तांचे बोल सोसले. चरित्रे लिहिताना आपण निघून जाणाऱ्याचा प्रवास लिहितो, आणि दाराशी उभे राहणाऱ्याचा काळ दोन ओळींत संपवितो. कोसंबी अखेर घरी परतले, संसार मांडला आणि मुलांच्या शिक्षणाची काळजी वाहिली. १९१८ साली ते हार्वर्डला गेले तेव्हा थोरली कन्या माणिक आणि पुत्र दामोदर यांस बरोबर घेऊन गेले. कन्येस शिकविणे हे त्या काळी सर्वमान्य नव्हते. मागील ऋण याने पुरते फिटले असे कोण म्हणेल? परंतु त्या ऋणाची जाण त्यांस होती, एवढे यावरून म्हणता येते. आपल्यापैकी कोणास विद्येची ओढ लागली तर घर सोडावेच लागते असे नाही. आज ग्रंथ घरी येऊ शकतात. कोसंबींच्या काळी ते येत नव्हते.

त्यांच्या चरित्रावरून स्वयंशिक्षणाविषयी एक गैरसमज दूर होण्यास साहाय्य होईल. शाळा नाही म्हणजे गुरू नाही, असा पुष्कळांचा समज असतो. कोसंबींनी गुरू टाळले नाहीत. उलट जन्मभर ते गुरूच शोधीत राहिले. पुण्यास भांडारकर, काशीस शास्त्री, कोलंबोस सुमंगल महास्थविर, ब्रह्मदेशात भिक्षू. भेद एवढाच की काय शिकावयाचे हे त्यांनी स्वतः ठरविले आणि ते ज्याच्यापाशी आहे त्याच्यापर्यंत ते स्वतः चालत गेले. शाळेत गुरू शिष्यापुढे येऊन उभा राहतो. येथे शिष्यास गुरूपाशी जावे लागले. दुसरी गोष्ट क्रमाची. पाली हवी म्हणून ते थेट पालीवर तुटून पडले नाहीत. आधी संस्कृताचा पाया घातला, मग पाली व लिपी, मग ग्रंथ, आणि अध्यापन सर्वांच्या अखेरीस. मनास येईल ते चाळणे आणि अभ्यास करणे यांत हेच अंतर आहे. तिसरी गोष्ट ही, की जे मिळाले ते त्यांनी स्वतःपाशी ठेवले नाही. ज्या मराठी वाचकांतून ते आले होते त्यांच्याकडेच ते घेऊन परतले.

जामसांवली व सौसर भागातील आपणा कुटुंबांस या चरित्रात आणखी एक बोध आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नागपूरसह विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि सौसर-पांढुर्ण्याचा हा मराठी बोलणारा मुलूख मध्य प्रदेशातच राहिला. तेव्हापासून शाळेत आणि कचेरीत हिंदी, आणि घरी, शेतात व देवळात मराठी, अशी आपली रीत पडली. हिंदी आपली आहेच. तिचे शिक्षण मुलांस मिळते हे चांगलेच आहे. परंतु मराठी वाचता येणे हे आपल्याकडील पुष्कळ मुलांच्या बाबतीत घरावरच अवलंबून असते. आजोबांनी हरिपाठ वाचून घेतला, आजीने पोथी पुढे ठेवली, तर ते मूल मराठी वाचते. नाही तर बोलते, पण वाचत नाही. गोव्यात पोर्तुगीज अमलात कोसंबींची स्थिती याहून बिकट होती. तुटक्या शिक्षणातून मिळालेले मराठी वाचन, आणि मुलांच्या मासिकाचा एक जुना अंक, एवढ्या दोन वस्तूंवर त्यांचे पुढचे सारे आयुष्य उभे राहिले. ते वाचन नसते तर तो अंक म्हणजे रद्दीचा कागदच होता.

शाळा मध्येच सुटलेली मुले आपल्या प्रत्येक गावात आहेत. संत्र्याच्या बागेत, कपाशीच्या शेतात किंवा नागपूरच्या एखाद्या दुकानात ती काम करतात. आपले शिक्षण संपले, असे ती सांगतात आणि आपणही ते मान डोलावून ऐकतो. मी स्वतः शाळेपलीकडे गेलो नाही; पूजाअर्चा, पंचांग आणि थोडे स्तोत्रपाठ यांतच माझे दिवस जातात. म्हणून मोठ्या माणसांस उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. तरी वडीलधाऱ्यांस एवढी विनंती करावीशी वाटते, की शाळा सुटलेल्या मुलास काम अवश्य द्यावे, पण त्याच्या हाती एखादे पुस्तकही द्यावे, आणि त्यातले काय कळले ते आठवड्याने विचारावे. विचारणारा कोणी असला म्हणजे वाचणाऱ्याचा उत्साह टिकतो. घरात जुनी मासिके, पोथ्या, चरित्रे असतील तर ती माळ्यावर न ठेवता हाताशी ठेवावीत. कोणते पान कोणाच्या दृष्टीस केव्हा पडेल, हे आधी सांगता येत नाही.

उत्तर आयुष्यात कोसंबींची प्रकृती फार खालावली. शरीर आता सेवेच्या उपयोगी नाही, इतरांवर त्याचा भार पडतो, असे वाटून त्यांनी अन्नत्याग करून देह ठेवण्याचा विचार केला. गांधीजींनी एकदा त्यांस त्यापासून परावृत्त केले. अखेरचे दिवस त्यांनी वर्ध्याजवळ सेवाग्राम आश्रमात काढले आणि ४ जून १९४७ रोजी, स्वातंत्र्याची पहाट अवघ्या काही आठवड्यांवर आली असता, तेथेच ते शांतपणे निर्वाण पावले. त्यांच्यामागे पालीच्या अभ्यासासाठी येथील विद्यार्थी सिंहलद्वीपास पाठविण्याची कल्पना गांधीजींनी पुढे मांडली. पदवी नसलेल्या या विद्वानास याहून उचित असे स्मारक सुचणे कठीण होते. तो जेथे चालत गेला त्याच वाटेने दुसरा कोणी विद्यार्थी जावा, एवढीच त्याच्या स्मृतीची पूजा.

आपल्यापैकी पुष्कळांचे वर्धा-सेवाग्रामकडे जाणेयेणे असते. बापूंच्या कुटीचे दर्शन आपण घेतोच. यापुढे तेथे जाल तेव्हा, याच भूमीवर सांखवाळचा तो विद्यार्थी अखेरचा विसावला, हे मुलांस अवश्य सांगावे. आणि तो किती इयत्ता शिकला होता, तेही सांगण्यास विसरू नये.